दारव्हा–पुसद रेल्वे खरंच होती का? आजी सांगते, घरात कोणी मानत नाही

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, आजोळ दिग्रसचं, जिल्हा यवतमाळ. आजीचं वय नव्वदीच्या वर आहे. कालचं जेवण तिला आठवत नाही, पण लहानपणचं सगळं लख्ख आठवतं. ती सांगते की दिग्रसहून दारव्ह्याला ती वडिलांबरोबर आगगाडीनं जायची. डबे लहान, लाकडी. दारव्ह्याला उतरून दुसऱ्या लहान गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला पुन्हा उतरायचं आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. मूर्तिजापूरच्या फलाटावर तिच्या वडिलांनी तिला पेरू घेऊन दिला होता, हे ती दर वेळी सांगते.

माझे मामेभाऊ म्हणतात, आजी शकुंतला गाडीची गोष्ट सांगते आणि गाव आपलं जोडते, दिग्रसला रेल्वे कधी नव्हतीच. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड लाइनचं काम चालू झाल्यापासून तर सगळेच म्हणून राहिले की दिग्रस-पुसदला पहिल्यांदाच रेल्वे येत आहे. आजी ते ऐकते आणि गप्प बसते. मला ते बघवत नाही.

तर अशी लाइन होती का? कोणी बांधली, कधी बंद पडली, आणि बंद पडली तर रूळ, पूल, स्टेशन यांचं काय झालं? एवढी मोठी गोष्ट दोन पिढ्यांत लोक विसरतात, हे मला पटत नाही. मी नेटवर "मोतीबाग" शोधलं तर सगळं आपल्या नागपूरच्या मोतीबागचंच येतं, आणि आजी म्हणते दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव मोतीबाग होतं. इथेही घोळ आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

इतवारी लोकल

भाऊ, शकुंतलाच असेल. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ. कारंजा, दारव्हा तिच्यावर आहेत, दिग्रस नाही. दुसरी पुलगाव–आर्वी. विदर्भात शकुंतलेच्या खाजगी कंपनीच्या या दोनच लाइनी मला माहीत आहेत. तिसरी असती तर कुठे तरी डबा, इंजिन, काही तरी उरलं असतं ना? शकुंतलेचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालत होतं. मग पुसदच्या गाडीचं काहीच कसं नाही?

मोतीबाग निवृत्त

धंतोलीकर, तुमच्या आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दारव्हा–पुसद लाइन होती, दिग्रसवरूनच जायची. आणि दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग हेच आहे, आपल्या नागपूरच्या मोतीबागेशी त्याचा संबंध नाही. कागदपत्रं शोधताना हे लक्षात ठेवा.

मी नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपमधून रिटायर झालो. आमचं वर्कशॉप १८७९ चं, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेचं झालं. पुसदची लाइन जीआयपीच्या, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, हाताखालची, म्हणजे आमच्या घराण्यातली नव्हे. पण गेज (दोन रुळांमधलं अंतर) तोच, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. सगळी नोकरी या गेजच्या डब्यांखाली गेली, त्यामुळे या विषयावर मी थोडा लांबेन, सांभाळून घ्या.

मालकीपासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. ही लाइन सरकारची नव्हती. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाची खाजगी कंपनी होती. तिचा कारभार मुंबईची किलिक निक्सन पाहायची, ती पेढी १८५७ पासूनची. या कंपनीच्या वऱ्हाड आणि वर्धा भागात तीन फांद्या होत्या: एलिचपूर (आजचं अचलपूर)–यवतमाळ, जिला आपण शकुंतला म्हणतो, पुलगाव–आर्वी, १९१७ ची, पस्तीस किलोमीटर, आणि सगळ्यात शेवटी, तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला, दारव्हा–पुसद. जमीन-रूळ कंपनीचे, गाड्या चालवणार जीआयपी, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, असा करार. म्हणजे गार्ड-ड्रायव्हर एकाचे आणि रूळ दुसऱ्याचे. त्या काळात अशा फांद्या देशभर याच पद्धतीनं झाल्या. मुख्य लाइनवाल्यांना पदरचा पैसा न घालता माल मिळायचा आणि भागधारकांना व्याज.

आता पुसदच का? कापूस. जीआयपीची मुख्य लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. नकाशा काढून बघा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा, अशी ती वऱ्हाडच्या पोटातून जाते. खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा की १८७० मध्ये जलंबहून तिथवर खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. पण यवतमाळ जिल्हा या लाइनच्या दक्षिणेला राहिला. तिथली काळी जमीन, तिथला कापूस, आणि रेल्वे कोसो दूर. शकुंतलेनं अर्धं अंतर मिटवलं. दिग्रस आणि पुसद तरी लांबच राहिले. पुसद डोंगरांनी वेढलेलं, मधे अरुणावती, पुढे पूस. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलबंडी आसापर्यंत रुतते, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. कापूस दसरा-दिवाळीनंतर निघतो म्हणून निभायचं, पण धान्य, मीठ, रॉकेल हे बारमाही लागतंच ना.

पुसद भागातली एक दाबलेली गाठ घ्या, चारशे पौंडांच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. ती पुसदच्या लहान डब्यात चढली, दारव्ह्यावरून कारंजा, मूर्तिजापूर. तिथे गेज बदलतो. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर जात नाही, म्हणून प्रत्येक गाठ हमालानं काढायची आणि पलीकडच्या मोठ्या मालडब्यात भरायची. मग भुसावळ, मग मुंबई, शिवडीचं कॉटन ग्रीन. तिथल्या बाजारात वऱ्हाडी कापसाला उमरा म्हणायचे, अमरावतीवरून पडलेलं नाव. मूर्तिजापूरच्या त्या हमालीत वेळ जायचा, पैसा जायचा, गाठी फाटायच्या. लहान गेज स्वस्त असतो तो टाकताना. नंतर रोज हमालीचा खर्च द्यावा लागतो.

आणि इथेच मला मनापासून वाईट वाटतं. ही लाइन चुकीची नव्हती, ती वीस वर्षं उशिरा आली. १९१२ मध्ये आली असती तर शकुंतलेसारखं तिनं आपलं बस्तान बसवलं असतं. ती आली तेव्हा १९२९ ची जागतिक मंदी अंगावर होती आणि कापसाचे भाव कोसळलेले होते. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसावर बहिष्कार टाकला. आपला आखूड धाग्याचा उमरा जपान मोठ्या प्रमाणावर घ्यायचा, त्याला तो घाव थेट बसला. त्यात मोटारी आल्या. पहिल्या महायुद्धानंतर मोटार-लॉरी स्वस्त झाली होती, परवाना-बिरवाना फारसा नव्हता. लॉरी जिनिंगच्या दारातून माल उचलायची आणि सरळ मुख्य लाइनच्या स्टेशनावर टाकायची, हमाली एकदाच. प्रवाशांचं तेच. वीस-पंचवीसच्या वेगानं जाणाऱ्या गाडीपेक्षा लोक मोटारीत बसले. हे फक्त पुसदचं दुखणं नव्हे. सरकारनं मिचेल आणि किर्कनेस या दोघांना रस्ता-रेल्वे स्पर्धेचा अभ्यास करायला लावलं, त्यांचा अहवाल १९३३ चा. मोटारींना कायद्यात बांधणारा मोटार वाहन कायदा १९३९ ला आला. तोवर अशा फांद्यांचं रक्त आटलेलं होतं.

मग दुसरं महायुद्ध. रूळ विलायतेहून येणं अवघड, इथल्या कारखान्यांचं पोलाद लढाईला, आणि लष्कराला रूळ हवेत, डबे हवेत, इंजिनं हवीत. तेव्हा देशभरच्या शाखा तपासल्या. जिथे वाहतूक कमी आणि शेजारून मोटाररस्ता जातो तिथले रूळ काढायचे. दारव्हा–पुसद त्या यादीत बसली आणि उखडली गेली. गाडी सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आसपास सगळा खेळ आटोपला.

किती लोखंड निघालं असेल याचा अंदाज देतो. बार्शी लाइट रेल्वे ही या अडीच फुटी गेजची आपल्याकडची आदर्श लाइन, १८९७ ची. तिच्यावर तीस पौंडी रूळ होते, म्हणजे एका मीटरला पंधरा किलो. आज मुख्य लाइनवर साठ किलोचा रूळ असतो. दारव्हा ते पुसद रस्त्यानं साठेक किलोमीटर. बार्शीसारखा हलका रूळ धरला तरी दोन्ही बाजूंचे मिळून अठराशे टन होतात. त्यात फिशप्लेटी (रूळ जोडायच्या पट्ट्या), खिळे, पुलांचे गर्डर वेगळे. लढाईच्या हिशोबात हे लोखंड थोडकं. एका तालुक्यासाठी ते सगळं काही होतं.

इतवारी लोकल, तुम्ही विचारलंत डबा-इंजिन का उरलं नाही. कारण त्या लाइनला स्वतःचं वेगळं काही नसणारच. गेज शकुंतलेचाच, कंपनी तीच, जोडलेली दारव्ह्याला. उरलेले डबे-इंजिनं त्याच लाइनीवर वापरता येतात. आणि लाइन उखडतात ती टोकाकडून. आधी पुसदकडचे रूळ निघतात, ते राहिलेल्या रुळावरूनच मागे नेतात, आणि असं करत करत जंक्शनपर्यंत यायचं. म्हणून मागे काही राहत नाही. गाडी स्वतःची वाट स्वतःच गोळा करून जाते. शकुंतलेसारखी बंद पडून रुळावर गवत वाढलेली लाइन लोकांना दिसत राहते. उखडलेली लाइन नजरेआड होते आणि तुमच्या मामेभावांसारखी माणसं प्रामाणिकपणे म्हणतात की ती नव्हतीच.

इतवारी लोकल

काका, मानलं. हे मला अजिबात माहीत नव्हतं. एक विचारतो. गेज अडीच फूटच का? आपल्या छिंदवाडा, नागभीड लाइनीही त्याच होत्या. दोन फूट का नाही, मीटर का नाही?

मोतीबाग निवृत्त

मीटर गेजही नागपुरात येऊन गेला, ते बरेच जण विसरतात. नागपूर–छत्तीसगड रेल्वे मीटर गेजची होती, १८८० च्या सुमारास सुरू झाली, १८८२ पर्यंत राजनांदगाव. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं सरकारला धडा दिला होता की छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायला आणि आत न्यायला वाट पाहिजे. पण १८८७ मध्ये बंगाल-नागपूर कंपनी उभी राहिली तीच मुळी ही लाइन घेऊन मोठी करायला आणि पुढे बिलासपूरवरून आसनसोलला जोडायला. दशकभरात मीटर गेज संपला. ती लाइन मरून मोठी झाली, आज मुंबई–हावडा तिच्यावरून धावते.

अडीच फुटाचं श्रेय एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरला. बार्शी त्याची. त्याचं सूत्र असं की इंजिन असो, डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सारखा वाटला की हलका रूळ चालतो, हलका रूळ चालला की पूल-भराव स्वस्त. दोन फुटांत डबा अरुंद होतो, कापसासारखा हलका पण जागा खाणारा माल परवडत नाही. मीटरमध्ये खर्च वाढतो. म्हणून सातपुड्यातही बंगाल-नागपूरनं अडीच फूटच टाकला, गोंदिया–नैनपूर–जबलपूर विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत. याच कॅलथ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायची पॅराशूटही बनवली. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

दिग्रसची लेक

धंतोलीकर दादा, मी दिग्रसची, सध्या नागपुरात मानेवाड्याला राहते. शाळेत भूगोल शिकवते. आमच्या घरात ही लाइन कधीच विसरली गेली नाही, कारण तिचा एक तुकडा आमच्या शेताच्या धुऱ्याला लागून आहे. वावराच्या कडेनं सरळ जाणारा कमरेएवढा उंचवटा. लहानपणी आम्ही त्याला रेल्वेचा बांधच म्हणायचो. आता त्यावरून पांधण झाली आहे, गावातली ट्रॅक्टरं त्यावरूनच जातात, कारण पावसाळ्यात तेवढाच भाग चिखलाच्या वर राहतो. बांधणाऱ्यांनी पाण्याचा निचरा किती जपला होता ते जुलै महिन्यात येऊन बघावं. बाजूचं वावर तुडुंब आणि हा पट्टा मोकळा.

आमच्या जुन्या गोठ्याच्या दारावर आडवं लाकूड आहे, सागवानी. त्याच्या दोन टोकांना खिळ्यांची मोठी भोकं आहेत. आबा सांगायचे की ते रुळाखालचं स्लीपर आहे, लाइन निघाली तेव्हा लिलावात आलेलं. सुतारानं ते कापायचा प्रयत्न केला तर करवतीचे दात गेले, म्हणून होतं तसं बसवलं. भोकांमधलं अंतर मी टेपनं मोजलं होतं, अडीच फूट गेजच्या हिशोबात बसतं.

काकांनी बाजाराची बाजू सांगितली, ती मला नवीन होती. पण घरात ऐकलेलं एक सांगते. गाडी बंद झाल्याचा पहिला मार बायकांना बसला. मोटारीत बसायची भीती, गर्दी, उलट्या, आणि मोटारवाला थांबायला तयार नाही. गाडीत बायकांचा डबा होता, लेकरं-गाठोडी घेऊन बसता यायचं. माझी आजी बाळंतपणाला माहेरी दारव्ह्याला गेली ती गाडीनं, आणि पुढच्या लेकराच्या वेळी गाडी नव्हती तर बंडीत गेली, दिवस भरलेले असताना. ती हे सांगताना रागावायची. लढाई कुठे, आम्ही कुठे, आमचे रूळ काहून नेले, असं म्हणायची. मला हा राग इतिहासात नोंदवला जावा असं वाटतं. कापसाच्या गाठी मोजणारे कागद असतात, बंडीत गेलेल्या बायकांचे नसतात.

नॅरोगेज नाद

ताई, काका, दोघांचंही वाचून अंगावर काटा आला. थोडी भर घालतो.

अल्पायुषी लहान लाइनींची मी जमेल तशी माहिती जमवतो. आसामच्या बाजूला, आजच्या मेघालयाच्या पायथ्याशी, चेरा–कंपनीगंज लाइन होती, अडीच फुटीच. १८८६ ला सुरू झाली, १२ जून १८९७ च्या महाभूकंपानं ती संपवली. केरळात मुन्नारला कुंडला व्हॅली रेल्वे होती, चहाच्या पेट्यांसाठी. १९०२ ला ती एका रुळाची होती, बैल ओढायचे. १९०८ ला दोन फुटी केली. जुलै १९२४ च्या पुरानं ती वाहून गेली. दोन्ही निसर्गानं नेल्या. आपली पुसदची लाइन कागदावरच्या एका हुकमानं गेली, म्हणून तिचं स्मारक नाही आणि तारीखही लोकांच्या तोंडी नाही. भूकंप-पूर लोक लक्षात ठेवतात.

पण सगळ्यात जवळचं उदाहरण हिमाचलचं. कांगडा व्हॅली रेल्वे, पठाणकोट–जोगिंदरनगर, अडीच फूट, १९२९ ची. म्हणजे जवळपास पुसदच्याच वयाची. तिचाही नगरोटा–जोगिंदरनगर हा वरचा भाग १९४१-४२ च्या सुमारास लढाईसाठी उखडला. तो १९५४ मध्ये पुन्हा टाकला आणि गाडी चालू झाली. मग पुसदला का नाही? कांगड्याला न्याय आणि आपल्याला नाही, हे मला खुपतं.

मोतीबाग निवृत्त

नाद, उदाहरण फार नेमकं दिलंत. याचं उत्तर माझ्या मते मालकीत आहे, म्हणूनच मी सुरुवात तिथून केली होती.

कांगड्याची लाइन सरकारी, नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची. रूळ सरकारनं काढले, सरकारनंच परत टाकले. जोगिंदरनगरला शानन वीजघर आहे, त्यामुळे तिथे सरकारला गरजही होती. आपल्याकडे लाइन कंपनीची. रूळ गेले आणि कंपनीसमोर प्रश्न उरला तो पुन्हा भांडवल घालण्याचा. जी लाइन नीट कमवत नव्हती तिच्यावर कुठली खाजगी कंपनी पुन्हा पैसा लावेल? स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून सरकारी विभाग केले, त्या वेळी शकुंतलेची मालकी त्या कंपनीकडेच राहिली. सरकार गाड्या चालवत राहिलं आणि कंपनीला पैसे देत राहिलं. अशा व्यवस्थेत जिवंत लाइनच्या देखभालीलाच वाली नव्हता, मेलेली कोण उठवणार? सरकार म्हणणार लाइन कंपनीची, कंपनी म्हणणार रूळ तुम्ही नेले.

तोवर रस्ते सुधारले, पुढे एसटी आली, आणि मागणीच थंडावली. पुसद तालुक्यानं महाराष्ट्राला वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री दिला, गहुली त्यांचं गाव, १९६३ ते १९७५ त्यांनी राज्य चालवलं. रेल्वे हा केंद्राचा विषय, म्हणून तेव्हाही पुसद रेल्वेविनाच राहिलं. शकुंतलेला शेवटपर्यंत टिकवलं ते तिच्यावर अवलंबून असलेल्या गरीब माणसांनी. तिचं तिकीट मोटारीच्या तुलनेत नगण्य होतं. पुसदच्या गाडीला तसा काळ मिळालाच नाही.

दिग्रसच्या ताईंनी बायकांचं जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही रेल्वेच्या कागदात वाचलेलं नाही. आभारी आहे. तुमच्या आजींचा राग योग्य होता. मी बाजारभाव आणि मोटारींची कारणं दिली, पण लाइन तोट्यात असणं आणि लोकांना न विचारता ती उचलून नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तोट्यातली लाइन लढाईनंतर सुधारता आली असती. गर्डर आणि रूळच नसल्यावर सुधारणार काय?

धंतोलीकर

काका, ताई, नाद, सगळ्यांचे किती आभार मानू. हे सगळं वाचून मामेभावांना पाठवलं. एकाचा लगेच फोन आला, त्याच्या वावराजवळही तसाच उंचवटा आहे म्हणे, तो त्याला जुना कालवा समजत होता.

आता पुढे काय करता येईल? नवीन लाइनचा पहिला टप्पा चालू झाला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब सुरू झाली. एकूण २८४ किलोमीटरची लाइन आहे, पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. ती पोचायच्या आत जुनी लाइन नकाशावर रेघ काढून दाखवता यावी असं वाटतं. नव्या भरावात जुना भराव गेला तर मग कायमचंच गेलं.

मोतीबाग निवृत्त

फार चांगला विचार आहे, आणि घाई करण्यासारखाच आहे. तीन ठिकाणी बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे युद्धाआधीचे एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशे, त्यांच्यात त्या वेळच्या लाइनी असतात. अमेरिकन लष्करानं पन्नाशीच्या दशकात छापलेले अडीच लाखाला एक प्रमाणाचे नकाशे, ते नेटवर फुकट मिळतात, त्यांच्यात उखडलेल्या लाइनीही काही ठिकाणी दाखवलेल्या असतात. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे गाव नकाशा. रेल्वेसाठी घेतलेली जमीन लांब अरुंद पट्टीसारखी असते आणि आजूबाजूच्या गटांना तिरकी कापत जाते. रूळ गेले तरी गटांच्या हद्दी सहसा बदलत नाहीत. उपग्रहाच्या चित्रातही बघा, शेतांचे धुरे जिथे एकाच मोठ्या वळणात मिळतात तिथे शंका घ्या. बैल असं वळण घेत नाहीत, रेल्वेच घेते.

आणि आजींना नीट बसवून विचारा. स्टेशन गावाच्या कुठल्या अंगाला होतं, पाण्याची टाकी होती का, गाडी नदी ओलांडताना पूल दगडी होता की लोखंडी, सकाळी निघायची की दुपारी, डब्यात दिवा होता का, भाडं कोण घ्यायचं. "काय आठवतं" असं मोघम विचारू नका, माणूस तेच ते सांगतो. नेमकं विचारलं की नवीन निघतं. आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

नॅरोगेज नाद

मी अमेरिकन नकाशाचे त्या भागाचे दोन्ही ताव उतरवून ठेवतो आणि दारव्ह्यापासून दक्षिणेकडे रेघ काढायला घेतो. ज्यांच्या वावरात उंचवटा, मोरी, कापलेला टेकाड असं काही आहे त्यांनी फक्त गावाचं नाव आणि दिशा लिहा, शेतमालकाचं नाव नको.

दिग्रसची लेक

मी येत्या सुट्टीत दिग्रसला जाणार आहे. भूमी अभिलेख कार्यालयात आमच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या नकाशांच्या प्रतींसाठी अर्ज करते. स्लीपरचा फोटो टेप लावून टाकते, म्हणजे काकांना भोकांवरून खिळ्याचा प्रकार ओळखता येईल. आमच्या धुऱ्याजवळून बांध दारव्ह्याच्या दिशेनं साधारण उत्तरेला जातो आणि पुढे ओढ्यापाशी तुटतो. तिथे दगडी मोरी आहे का ते या वेळी उतरून बघते, आत्ता झुडपं वाढली आहेत. पुसदच्या बाजूचं कोणी इथे असेल तर त्यांनी तिकडच्या टोकाचं बघावं, आमच्याकडून तेवढं होणार नाही.